काठावर नसलेलं घर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बापूसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे आपापली कामं सोडून इथं जमलो ते सत्कारमूर्ती खुशालराव. ज्यांच्या हातचा चहा घेतल्याशिवाय त्या स्टुडिओतून कोणी बाहेर पडलं नाही अशा गोदाबाई वहिनी. छायाचित्रकार संघाचे सचिव आणि खुशालरावांचे पुतणे गौरांग. मला सोबत म्हणून अमरावतीहून आलेल्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल अनुपमाताई. अकोला आणि अमरावती, दोन्हीकडचे छायाचित्रकार बंधू. आणि आपल्या बारशाचे, लग्नाचे फोटो आठवून आलेले जुन्या शहरातले सगळे स्त्री-पुरुष, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

बापूसाहेबांनी मला सांगितलं, "वहिनी, दोन शब्द बोला." मी विचारलं, दोन म्हणजे किती? ते म्हणाले, "पाच मिनिटं. खुशालरावचे गुडघे दुखतात, त्याले जास्त वेळ बसवता येत नाही." आता खुशालराव, तुम्ही आयुष्यभर लोकांना म्हणालात, हलू नका, थोडं थांबा. आज तुम्ही थांबा. पाच मिनिटांत माझं होईल असं मला वाटत नाही. आणि कोणाला मध्येच उठायचं असेल तर संकोच करू नका. समोर कोणी नसताना बोलायची मला आता सवय आहे.

माझं नाव पंचफुला गावंडे. मी फोटोग्राफर नाही, मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. माझे यजमान किसनराव फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे. हल्लीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, कारण त्यांना पडदा म्हणजे खिडकीचा एवढंच माहीत. पूर्वी स्टुडिओत गेलं की मागे एक मोठा पडदा असायचा. त्याच्यावर बाग, नाहीतर जिना, नाहीतर तळं आणि डोंगर. त्याच्यापुढे आपण उभं राहायचं, म्हणजे फोटोत आपण अकोल्यात नसायचो. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, या भागातल्या कितीतरी स्टुडिओंत यांचे पडदे होते. घराणं शेतीचं. काळी जमीन भावाच्या हवाली केली आणि हा माणूस मांजरपाटाच्या कापडाला सरस, म्हणजे खळ लावत बसला. सरसाचा वास घरभर. माझे सासरे एकदा येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, "डोंगर पेरून काय पिकते रे, किसन्या?" हे म्हणाले, "फोटो पिकते, बाबा." सासरे नंतर वर्षभर आमच्याकडे आले नाहीत.

व्यासपीठाच्या मागे आज जो पडदा लावला आहे, तो यांचा आहे. खुशालरावांच्या स्टुडिओत तो तीस-पस्तीस वर्षं होता. तुम्हाला समोरून आभाळ दिसत असेल, बर्फाचे डोंगर दिसत असतील. खालचं तळं मान्यवरांच्या खुर्च्यांमागे गेलं आहे. मला बोलायचं आहे ते त्या तळ्याबद्दल. आणि त्याच्यात खुशालरावांबद्दलही येईल, काळजी करू नका.

हे तळं कुठलं? कापसाच्या बियाण्याच्या एका दुकानाचं कॅलेंडर आमच्याकडे होतं, त्याच्यावर परदेशातलं एक चित्र होतं. तळं, काठावर उतरत्या छपराचं घर, धुराडं, मागे डोंगर, आणि ते सगळं पुन्हा पाण्यात. ते चित्र बघून यांनी अर्धं वऱ्हाड रंगवलं. स्वतः तसं पाणी यांनी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे पाहायचं तरी कुठं? विहिरीत वाकलं तर आपलंच तोंड दिसतं. मोर्णा नदी तुमच्या दाराशी आहे, पण तिच्यात काही दिसायचं असेल तर आधी वर पसरलेली जलकुंभी काढावी लागेल. हसू नका, नगरसेवक इथं बसले असतील.

एकदाच पाहिलं आम्ही. लग्नानंतर चिखलदऱ्याला गेलो होतो. सकाळी तलावावर गेलो तर वारा अजिबात नव्हता आणि पलीकडची झाडं पाण्यात उभी होती, पान न् पान. हे काठावर बसले ते बसलेच. मला भूक लागली होती. मी म्हटलं, "काय पाहून राहिले?"

"पाणी."

"पाणी काय पाहाचं असते? पाणी प्याचं असते."

"वरचं झाड पाह्य, न् खालचं पाह्य," हे म्हणाले. "खालचं जरा जुनं दिसते, नाही?"

मी म्हटलं, "मी बी जुनी होऊन राहिली इथं बसून. चला." मग उठले. पण जाताना तीनदा मागे वळून पाहिलं, आणि मला वाटलं, या माणसाचं लग्न तलावाशी करून द्यायला पाहिजे होतं.

त्यांची पाणी रंगवायची एक रीत होती, ती इथल्या जुन्या लोकांना माहीत असेल. आभाळ, डोंगर, झाडं, घर, हे सगळं वरचं काम झालं की ते पडदा उतरवायचे आणि उलटा टांगायचे. मग पाण्यातलं घर ते सरळ रंगवायचे, पाया आधी, भिंती मग, छप्पर शेवटी. मी म्हणायचे, उलटंच काढायचं आहे तर उलटं काढा ना, एवढी खटपट काय? ते म्हणायचे, उलटं घर माझ्यानं बांधवत नाही. त्यामुळे त्यांच्या पडद्यांवरचं पाण्यातलं घर हे नुसतं वरच्याची नक्कल नसायचं. ते दुसऱ्यांदा बांधलेलं असायचं.

ते गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं होतील. तेराव्याच्या आधी फोटो मोठा करून घ्यायचा होता. आमच्याकडे त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. जो माणूस फोटोच्या मागचं सगळं रंगवतो त्याचा स्वतःचा फोटो घरात नसतो. आमच्या दोघांचा एक होता, खुशालरावांनीच काढलेला. म्हणून मी अकोल्याला आले. खुशालराव आतल्या खोलीत जुनी निगेटिव्ह शोधत होते आणि मी बाहेर खुर्चीवर बसले होते. समोर हा पडदा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नाही.

मंडळी, हा पडदा मी तोवर शेकडो वेळा पाहिला होता. घरी रंगवताना तशाच दहा पडद्यांच्या गर्दीत पाहिला होता, फोटोत माणसांच्या मागे पाहिला होता. पण काम पूर्ण होऊन स्टुडिओत लागल्यानंतर, पुढे कोणी उभं नसताना, मी तो पहिल्यांदाच पाहत होते. आणि मला दिसलं की पाण्यात घर आहे. छप्पर खाली, भिंती वर, धुराडंसुद्धा. दाराशी पिवळसर रंगाचं काहीतरी, माणूस असावं. मग मी वर पाहिलं. काठावर घर नव्हतं. तिथं झाडोरा होता, थोडं आभाळ होतं. पाण्यात घर, आणि काठ रिकामा.

खुशालराव निगेटिव्ह घेऊन बाहेर आले, मी त्यांना काही विचारलं नाही. त्या दिवशी विचारायची माझी हिंमत नव्हती आणि पुढे विचारायची इच्छा राहिली नाही. कारण उत्तर मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

ते सांगायच्या आधी वाचनालयाचं सांगते. त्या दिवसांत घरात बसवेना. मूलबाळ आम्हाला नव्हतं. अमरावतीला आमच्या राजापेठेत दिवसभर गाड्यांचे हॉर्न, शिकवणीच्या पोरांचा गलका, आणि तरी घरात इतकं शांत की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं. एक दिवस मी वाचनालयात जाऊन उभी राहिले. अनुपमाताईंनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, पाण्याची चित्रं. त्यांना वाटलं, पाणीटंचाईवर निबंध लिहायचा असेल कोणाच्या मुलाला. मी म्हटलं, नाही, पाण्यात वरचं सगळं पुन्हा दिसतं ती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. इतकं जड, की ते कोणी घरी नेलंच नव्हतं. तिथंच बसून पाहायचं ठरलं. मी रोज जाऊ लागले. इंग्रजी मला येत नव्हतं, अनुपमाताई दुपारच्या वेळी थोडं थोडं सांगायच्या. मग मी मराठीतली पुस्तकं शोधली, मग शब्दकोश घेतला. आजही मला बोलता येत नाही, पण चित्राखालचं वाचता येतं.

दीडदोनशे वर्षांपूर्वीचे ते चित्रकार. त्यांना पुस्तकात रोमँटिक म्हटलं आहे. आपल्याकडे रोमँटिक म्हटलं की बागेत गाणं सुरू होतं. त्या चित्रांत तसं काहीच नाही. मोठं आभाळ, मोठे डोंगर, स्थिर पाणी, पडकी भिंत, आणि एखादा माणूस. तोही पाठमोरा. एवढ्या मोठ्या चित्रात एवढासा. मला पहिल्यांदा पाहून वाटलं, हे लोक आमच्या घरी येऊन गेले की काय?

पाण्यात वरचं पुन्हा दिसतं, त्याचा त्या चित्रांत काय अर्थ लावायचा, यावर पुस्तकांत पुष्कळ लिहिलं आहे. कोणी म्हणतं, वर जग आणि खाली मन. कोणी म्हणतं, वर आज आणि खाली आठवण. पाणी स्थिर असेल तर देव जवळ आहे, लाट आली की सगळं नाशिवंत आहे. मला हे पटायचं, पण मी शहानिशा करणारी बाई आहे. मी सकाळी रिक्षा करून छत्री तलावावर जायचे आणि पाहत बसायचे. तिथं मला दोन गोष्टी कळल्या, त्या नंतर पुस्तकातही सापडल्या. एक म्हणजे, वरचं जे उजळ असतं ते पाण्यात थोडं मळतं, आणि वरचं जे अगदी काळं असतं ते पाण्यात थोडं उजळतं. म्हणजे पाणी दोन्हीकडून थोडं थोडं काढून घेतं. यांना चिखलदऱ्याला खालचं झाड जुनं वाटलं होतं ते यामुळेच असावं. दुसरी गोष्ट अशी की पाणी सगळं जसंच्या तसं दाखवत नाही. काठावरच्या फांदीची खालची बाजू आपल्याला उभ्यानं दिसत नाही, ती पाण्यात दिसते. पाणी खालून पाहत असतं.

आता माझं उत्तर सांगते. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला. हे नेहमी म्हणायचे, बांधू आपण. मी म्हणायचे, बांधा. कधी बांधलं नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. पण तो पडदा पाहिल्यावर मला वाटलं, यांनी बांधलं. काठावर बांधता आलं नाही म्हणून पाण्यात बांधलं, आणि मला सांगितलं नाही. दाराशी जे पिवळसर आहे ती मी. माझ्याकडे एक पिवळं लुगडं होतं. माणूस बोलणारा नव्हता, त्यानं हे असं बोलून ठेवलं, आणि आपण गेल्यावर मला दिसेल अशा ठिकाणी ठेवलं. मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात मला याला आधार सापडत गेला. रिकामा काठ म्हणजे हे जग, पाण्यातलं घर म्हणजे दुसरं. हसू येत असेल कोणाला तर येऊ द्या. पण एकटं राहणाऱ्या बाईला रात्रीच्या स्वयंपाकाला उभं राहायला काहीतरी कारण लागतं. माझं कारण अकोल्याला एका भिंतीवर टांगलेलं होतं आणि ते तिथं आहे एवढं मला पुरत होतं.

मागच्या आठवड्यात गौरांगचा फोन आला. "काकू, काकांचा स्टुडिओ बंद होतोय, आम्ही समारंभ करतोय. पडदा संघाच्या नव्या हॉलमध्ये कायमचा लावायचा आहे. पण त्याच्याआधी तुमची परवानगी हवी, तुम्ही एकदा येऊन जा." मी आले. स्टुडिओ निम्मा रिकामा झाला होता. गौरांग चित्रकलेचं शिकलेला मुलगा आहे, मन लावून काम करतो. त्यानं मला पडद्यापुढे नेलं आणि म्हणाला, "काकू, यात एक चूक आहे. पाण्यात घर आहे आणि वर नाही. लोक येतील, पाहतील, हसतील. मी वर घर रंगवून देतो. मनानं नाही, अगदी किसनकाकांचं होतं तसंच. माझ्याकडे पुरावा आहे."

आणि त्यानं एक जुना फोटो पुढे केला. एक मुलगी उभी आहे, स्थळाला दाखवायला काढतात तसा फोटो, हातात प्लॅस्टिकची फुलं. आणि तिच्या मागे काठावर घर.

मी फोटो हातात घेतला. म्हणजे घर होतं! काठावर घर होतं. मी खुशालरावांकडे पाहिलं. ते एका खोक्यावर बसून फोटोच्या जुन्या चौकटी बांधत होते. मी म्हटलं, "भाऊजी, हे घर कुठं गेलं?"

खुशालराव हसायला लागले. म्हणाले, "वहिनी, तुमाले माहीत नाही? अवो, धुराडं! हे पोरगी पाहा. तिच्या डोक्याच्या बरोब्बर मागं धुराडं आलं. फोटो दर्यापूरले गेला. पाहुण्याईनं वापस पाठवला न् विचारलं, पोरगी चांगली हाय, पण तिच्या डोक्यातून धूर काहून निघून राहिला? तिचा बाप माह्या दुकानात येऊन बसला. म्हणे, माह्या पोरीले तापट ठरवलं त्या लोकाईनं."

आतून गोदाबाई वहिनी म्हणाल्या, "न् होतीच ते तापट. नंतर दिली अचलपुरात, अजून नवऱ्याले धाकात ठेवते."

तुम्ही हसताय, मीही हसले त्या वेळी. खुशालराव पुढे म्हणाले, "मग मी किसनरावले बोलावलं. आले सकाळच्या गाडीनं. दुपारभरात घर पुसून टाकलं, झाडोरा काढला. मी म्हटलं, किसनराव, वरचं गेलं, खालचं राहिलं न! तर म्हणे, खालच्यासाठी पडदा उतरवून उलटा टांगा लागन, तेवढ्यात माही गाडी जाईन. घरी वाट पाहून राहिली असन. तिथं तर गिऱ्हाइकाचे पाय येतात, कोणाले दिसते? पुढच्या खेपेले करतो."

"मग पुढच्या खेपेला?"

"पुढच्या खेपेले चहा पेले, गप्पा मारल्या, गेले. त्याच्या पुढच्या खेपेले बी तसंच. मग ते बी विसरले न् मी बी."

माझ्या हातात तो फोटो होता. मी विचारलं, "दाराशी पिवळं काय आहे?"

गौरांगनं भिंग आणून दिलं. गवताची गंजी होती, मंडळी. कॅलेंडरवर असेल तशी.

मी तरी विचारलंच. "भाऊजी, त्या घराबद्दल ते कधी काही बोलले? दुसरं काही?"

खुशालरावांनी हातातली दोरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, फोटो काढताना ते जसं पाहायचे तसंच. मग म्हणाले, "वहिनी, तुमी काय विचारून राहिल्या ते मले समजते. फोटोत मी टचिंग करतो. लोकाईचे मुरूम घालवले, काळ्याले गोरं केलं, रडव्याले हसवलं. पण हे माह्यानं होत नाही. ते काहीच बोलले नाहीत."

आज खुशालरावांच्या सत्कारात बाकीच्यांनी त्यांच्या प्रकाशयोजनेबद्दल सांगितलं, त्यांच्या स्वभावाबद्दल सांगितलं. मला एवढंच सांगायचं आहे. त्यांना एक वाक्य बोलून मला घरी पाठवता आलं असतं. 'तुमचंच घर म्हणायचे' एवढं म्हणाले असते तरी मी जन्मभर त्यांच्या पाया पडले असते. ते म्हणाले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना थोडं बरं दाखवलं, त्यानं मला जसं होतं तसं दाखवलं. त्या वेळी मला राग आला. आज मी त्यांना हात जोडते.

परतताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूर गेलं तरी माझ्या डोक्यात काही येत नव्हतं. इतकी वर्षं जो निरोप मी वाचत होते, तो निरोप नव्हताच. राहून गेलेलं काम होतं. मग बडनेऱ्याच्या आसपास मला ते दुसरं वाक्य आठवलं. घरी वाट पाहून राहिली असन.

म्हणजे त्या दिवशी ते गाडी पकडायला धावत निघाले, आणि घरी आले. माझ्याकडे. कधी, कुठला दिवस, उन्हाळा की हिवाळा? मी खूप आठवून पाहिलं. हा सगळा आठवडा मी दुसरं काही केलंच नाही. दार उघडलं असेल मी. हातापायाला रंग असेल, मी म्हटलं असेल, आधी धुवा. जेवले असतील. भाजी काय होती? काहीतरी बोललो असू. मला ती संध्याकाळ आठवत नाही. तशा शेकडो संध्याकाळी होत्या, एकीसारखी एक, आणि त्यांतली ही एक. तिच्यासाठी त्यांनी आपलं काम अर्धं टाकलं, आणि मी ती ठेवली नाही. ठेवायची असते हे माहीतच नव्हतं. ते गोरे चित्रकार तळ्याकाठची एकेक संध्याकाळ महिनोन्महिने रंगवत बसायचे, ते कशासाठी, हे मला इतकी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. एसटीत कळलं.

तर आता गौरांगच्या प्रश्नाचं उत्तर. ते मी मुद्दाम आजवर दिलं नाही, कारण मला चार लोकांसमोर द्यायचं होतं, म्हणजे मग मला फिरवता येणार नाही. आणि खोटं कशाला सांगू, मन माझंही झालं होतं. त्या फोटोतलं घर चांगलं होतं. ते पुन्हा काठावर उभं राहिलेलं पाहायला मला आवडलं असतं. गौरांगनं ते छान रंगवलं असतं, हेही मला माहीत आहे.

पण बाळा, नको. वर घर काढू नकोस. खालचं पुसूही नकोस. वरचं घर त्यांनी आपल्या हातानं पुसलं आहे आणि खालचं आपल्या हातानं राहू दिलं आहे. दोन्ही त्यांचंच काम आहे. तू वर घर बांधलंस तर पाण्यातलं घर पुन्हा सावली होईल, आणि कोणी त्याच्याकडे पाहणार नाही. आता निदान ते चुकीचं तरी दिसतं. चुकीचं दिसू दे. लग्नकार्यात मला कुठं बसवावं हे लोकांना कळत नाही. हळदीच्या वेळी मला कोणीतरी हळूच आतल्या खोलीत पाणी आणायला पाठवतं. मी जाते, पाणी आणते. मला काही म्हणायचं नसतं. पण मी असते तिथं. मला दुरुस्त करून कोणाला काय मिळणार?

आणि लोक विचारतील, हे घर कोणाचं, काठावर का नाही? तर त्यांना खरं सांगा. धुराड्याचं सांगा, अचलपूरच्या तापट बाईचं सांगा, हसू द्या त्यांना. आणि सांगा, रंगवणाऱ्याची गाडी जात होती. याहून जास्त अर्थ त्यात नाही. मला तेवढा पुरतो की नाही, ते मला अजून ठरवायचं आहे. रात्री अजून स्वयंपाकाला उभं राहताना थोडा वेळ लागतो. पण राहते.

खुशालराव, गोदाबाई वहिनी, तुम्हाला पुढची वर्षं आरामाची जावोत. तुमचे गुडघे बरे होवोत. अमरावतीला आलात तर राजापेठेत माझ्याकडे उतरा, दोन खोल्या आहेत आणि माणूस एकच आहे. संघानं मला बोलावलं, इतकं ऐकून घेतलं, मी आपल्या सगळ्यांची आभारी आहे. अनुपमाताई, तुम्ही माझ्याबरोबर आलात, पुस्तकंही तुम्हीच दाखवलीत, तुमचे आभार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून मानत नाही. मला भाषणाची सवय नाही. सत्काराच्या दिवशी मी स्वतःचंच फार बोलले, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाच्या मनाला काही लागलं असेल, तर या घरच्या बाईचं बोलणं म्हणून सांभाळून घ्या.

आणि एक विनंती. बापूसाहेब, खुशालराव, वहिनी, आपण सगळे जरा उठता का? हो, आत्ताच. खुर्च्या बाजूला घेऊ या. इतका वेळ मी ज्याच्याबद्दल बोलले ते या लोकांना दिसलंच नाही. सावकाश उठा, घाई नाही. गौरांग, ती कोपऱ्यातली खुर्चीही घे, आणि ते टेबल.

हं. आता दिसतं.

मी बसते.